कोराडीत आणखी दोन संच : वीज नेमकी कमी पडते कधी, अन् राख कोणाच्या वाट्याला?

नागपूर : कोराडी औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा महानिर्मितीचा प्रस्ताव आहे. त्यावर 29 मे 2023 रोजी कोराडीत जनसुनावणी झाली. तेव्हापासून परिसरातल्या गावांत दोनच बाजू ऐकू येतात. एक बाजू म्हणते, वीज सगळ्यांना पाहिजे, मग प्लांट नको कसा? दुसरी म्हणते, राख आमच्या वावरात पडते अन् वीज जाते दुसरीकडे.

दोन्ही बोलणं खोटं नाही. पण दोघंही एक गोष्ट विचारत नाहीत. वीज कमी पडते म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी कमी पडते? याचं उत्तर नीट समजलं तर नवीन संच किती गरजेचे आहेत, त्यांचा पैसा कोण भरणार अन् गावांनी काय मागायचं, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

टाकी भरलेली, नळाला पाणी नाही

आधी मेगावॅट अन् युनिटमधला फरक बघू. आपल्या बिलात येतात ते युनिट, म्हणजे महिनाभरात एकूण वापरलेली वीज. मेगावॅट म्हणजे एका क्षणाला किती वीज लागते ते. पाच एचपीचे साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मोटारपंप एकाच वेळी चालले की एक मेगावॅट लागतो.

गावच्या नळयोजनेसारखंच आहे हे. टाकीत दिवसभर पुरेल एवढं पाणी असतं. पण सकाळी सहाला सगळ्यांनी एकदम नळ सोडले की शेवटच्या घराला थेंबही येत नाही. पाणी कमी नसतं, ती वेळ अडचणीची असते. विजेचं तर त्याहून कठीण, कारण तिची मोठी टाकीच नाही. ज्या क्षणी वापर, त्याच क्षणी निर्मिती. हा मेळ सेकंदासेकंदाला बसवण्याचं काम ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालतं. मेळ फारच बिघडला तर कुठल्या तरी भागाची लाइन बंद करावी लागते. त्यालाच आपण लोडशेडिंग म्हणतो.

सगळ्यात जास्त मागणीच्या वेळेला विजेच्या खात्यात ‘पीक’ म्हणतात. आपल्या वावरातल्या पिकाशी या शब्दाचा संबंध नाही, पण महाराष्ट्रात तरी दोन्ही पिकं एकमेकांत चांगलीच गुंतलेली आहेत. महावितरणची मागणी अलीकडे 25 हजार मेगावॅटच्या पुढे जाते, ती बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये. गहू-हरभऱ्याचं शेवटचं ओलीत अन् संत्रा बागांचं पाणी सुरू असतं, तोवर शहरात कूलर-एसी लागलेले असतात. देशाचा आकडा 30 मे 2024 रोजी अडीच लाख मेगावॅटवर पोहोचला होता. तेव्हाही भर दुपार होती अन् उन्हाची लाट होती.

दुपारची ही मागणी आता पूर्वीइतकी भीतीची राहिली नाही, कारण त्याच उन्हावर सोलर चालतं. खरी ओढाताण सुरू होते दिवेलागणीला. सूर्य खाली गेला की तासा-दोन तासांत हजारो मेगावॅट सोलर शून्यावर येतं. नेमकं त्याच वेळी घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी सुरू होतात.

ऑक्टोबर 2021 मध्ये कोळशाची टंचाई आली अन् महावितरणला वीज देणारे 13 औष्णिक संच बंद पडले. तेव्हा महावितरणने ग्राहकांना आवाहन केलं होतं की सकाळी 6 ते 10 अन् संध्याकाळी 6 ते 10 या वेळेत वापर कमी करा. दुपारचं कोणी काही म्हणालं नव्हतं. त्यावेळी संच होते, पण त्यांच्यात टाकायला कोळसा नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

कोळशाचा संच म्हणजे गॅसची शेगडी नाही

बटण दाबलं अन् पेटली, फिरवलं अन् विझली, असं कोळशाच्या संचाचं नसतं. तो वीटभट्टीच्या जातीचा आहे. बॉयलर तापवायचा, वाफेचा दाब आणायचा, टर्बाइन हळूहळू गरम करायचं. पूर्ण थंड झालेला संच परत पूर्ण ताकदीवर यायला कित्येक तास लागतात. म्हणून रोज संध्याकाळी चार तासांसाठी तो सुरू करायचा अन् रात्री बंद करायचा, असं चालत नाही.

त्याऐवजी करतात काय, तर दुपारी त्याला मंद ठेवतात. सध्याच्या नियमाप्रमाणे औष्णिक संच 55 टक्क्यांपर्यंत खाली आणता आला पाहिजे, अन् पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं आहे. 660 च्या संचाचे 55 टक्के म्हणजे 363 मेगावॅट. याचा सरळ अर्थ असा की रात्री आठला 660 मेगावॅट पाहिजे असतील तर दुपारी बारालाही 363 मेगावॅटचा कोळसा जाळावाच लागतो, जरी त्यावेळी आभाळात स्वस्त सोलर भरपूर असलं तरी. रोज असं खाली-वर केलं की युनिटमागे कोळसा जास्त जातो अन् बॉयलरच्या नळ्या गळायला लागतात.

यातूनच आपल्याकडच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. शेतकऱ्याला रात्रीच वीज का? साप, विंचू, रानडुक्कर, काही भागांत बिबट अन् वाघ, हे सगळं माहीत असूनही इतकी वर्षं आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच लाइन का दिली गेली? एक कारण हेच. रात्री अकरा-बारानंतर शहरं झोपतात, कारखाने मंदावतात, मागणी पडते. पण कोळशाची भट्टी विझवता येत नाही. मग तयार होणारी वीज खपवायला रात्री कोणी तरी गिऱ्हाईक पाहिजे. ते गिऱ्हाईक म्हणजे आपला मोटारपंप. दिवसाची गर्दीही कमी अन् रात्रीचा खड्डाही भरला, असा दुहेरी हिशोब. कागदावर त्याला भार व्यवस्थापन म्हणायचे. वावरात त्याचा अर्थ होता बॅटरी हातात घेऊन रात्री दोन वाजता पाणी वळवायला जाणं.

मग दोन संच कशाला?

महानिर्मितीची बाजू कमजोर नाही. राज्याची मागणी वाढते आहे. रात्री सोलर नाही, पावसाळ्यात चार-पाच दिवस आभाळ दाटलं तर दिवसाही भरवसा नाही. चार तास चालणारी बॅटरी संध्याकाळ निभावते, झडीचा आठवडा निभावत नाही. राज्यातले 210 मेगावॅटचे जुने संच थकलेत. नवे 660 चे सुपरक्रिटिकल संच त्याच एका युनिटसाठी कमी कोळसा जाळतात. केंद्र सरकारनेही 2031-32 पर्यंत देशात किमान 80 हजार मेगावॅट कोळशाची क्षमता वाढवायचं ठरवलं आहे. कोराडी त्यातलाच एक भाग.

पण इथे एक शब्द नीट पकडून ठेवायला पाहिजे : बदली की भर? जुना संच बंद करून त्याच्या जागी नवा आला तर तेवढ्याच विजेला धूर अन् राख कमी होते. जुने चालूच ठेवून वरून नवे आले तर राख वाढते. त्यातही बंद होणारा जुना संच कुठला? तो दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर कागदावर राज्याचा हिशोब जमेल, पण कोराडी, खापरखेडा, महादुला, सुरादेवीच्या लोकांसाठी ती भरच आहे. आधीच नागपूर जिल्ह्यात कोराडीचे 660 चे तीन संच, खापरखेड्याचे 1340 मेगावॅट अन् मौद्याच्या एनटीपीसीचे 2320 मेगावॅट, म्हणजे साडेपाच हजार मेगावॅटच्या वर कोळसा जळतो.

आता पैशाचं बघू. औष्णिक केंद्राला पैसे दोन भागांत मिळतात. एक स्थिर आकार, म्हणजे उभारणीचं कर्ज, व्याज, देखभाल, पगार. दुसरा कोळशाचा खर्च. आपण वर्षभरासाठी ट्रॅक्टर ठरवला, भाडं दरमहा पक्कं अन् डिझेल जेवढं लागेल तेवढं, असा करार केला तर कसं होईल? ट्रॅक्टर महिन्यात चारच दिवस चालला तरी भाडं पूर्ण द्यायचं. वीज केंद्र तयार स्थितीत असलं, पण दुपारी सोलर आहे म्हणून त्याला मंद ठेवलं, तरी स्थिर आकार द्यावाच लागतो.

समजा, एखादा संच वर्षभर 85 टक्के क्षमतेनं चालेल असं धरून युनिटमागे स्थिर आकार दोन रुपये येतो. तोच संच प्रत्यक्षात 50 टक्केच चालला तर युनिटमागे तोच आकार 3 रुपये 40 पैसे होतो. कोळशाचा खर्च वेगळा. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. कोराडीच्या दोन संचांचा खर्च दहा हजार कोटींच्या घरात सांगितला गेला आहे. एवढ्या रकमेचं व्याज अन् परतफेड पंचवीस वर्षं कोणाच्या तरी बिलात येणार.

काही शेतकरी म्हणतील, आपल्याला काय त्याचं, साडेसात एचपीपर्यंत वीज मोफतच आहे. एप्रिल 2024 पासून बळीराजा मोफत वीज योजना सुरू आहे, ती मार्च 2029 पर्यंत. पण मोफत म्हणजे फुकट तयार होणारी नव्हे. ते पैसे सरकार महावितरणला देतं, शेतकऱ्याचं घरचं मीटर, पिठाची गिरणी, गावातलं वेल्डिंगचं दुकान यांना दर लागतोच. अन् योजनेला शेवटची तारीखही आहे.

गावाच्या वाट्याचा हिशोब

ढोबळ आकडे काढू. दोन्ही नवे संच पूर्ण ताकदीनं 24 तास चालले तर सव्वातीन कोटींच्या आसपास युनिट तयार होतील. वेकोलिच्या कोळशाच्या प्रतीवर अवलंबून आहे, पण एका युनिटला साधारण सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला 20 हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. मालगाडीची एक पूर्ण रेक चार हजार टनांच्या जवळपास असते. म्हणजे रोज पाच रेक.

आपल्या कोळशात शंभर किलोला तीस ते चाळीस किलो राख निघते. म्हणजे रोजची सहा ते आठ हजार टन राख. 25 टनांच्या हायवानं उचलायची म्हटली तर अडीचशे ते सव्वातीनशे खेपा. संच मंद चालले तर आकडे कमी होतील, पण राखेचा प्रश्न किती मोठा आहे ते यावरून कळतं.

ती राख जाते कुठे? 31 डिसेंबर 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे राखेचा पूर्ण वापर व्हायला पाहिजे : सिमेंट, विटा, रस्त्याचे भराव, खाणींचे खड्डे. न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाईची तरतूद आहे. उरलेली राख पाण्यात कालवून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीत खसाळा इथला कोराडी केंद्राचा राखेचा बंधारा फुटला अन् खसाळा-मसाळा भागात राखेचं पाणी शिरलं, हे कामठी तालुक्याला वेगळं सांगायला नको. राखेनं माखलेलं वावर एका पावसात धुऊन निघत नाही. म्हणून नव्या संचांची चर्चा आधी जुन्या बंधाऱ्याच्या पक्केपणापासून सुरू व्हायला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र कोराडीचं एक काम चांगलं आहे. नव्या औष्णिक संचांना एका युनिटमागे तीन लिटरपर्यंत पाण्याची मर्यादा आहे. दोन संचांचं पूर्ण ताकदीचं गणित रोज साडेनऊ कोटी लिटरपर्यंत जातं. धरणातून घेतलं तर तेवढं पाणी ओलिताचं अन् पिण्याचं कमी झालं असतं. पण कोराडी केंद्र नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीच्या रोजच्या 13 कोटी लिटरच्या प्रकल्पात शुद्ध करून वापरतं. नव्या संचांनाही सगळं पाणी सांडपाण्यातूनच मिळणार का, की पेंचच्या पाण्याला हात लागणार, हे लेखी घ्यायला पाहिजे.

धुराचं नियंत्रण हा वेगळा अन् मोठा विषय. थोडक्यात एवढंच : धुरातला गंधक वायू काढणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर 2015 चा. मुदती पुढे ढकलत ढकलत जुलै 2025 मध्ये केंद्रानं देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट दिली. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना मात्र सूट नाही, त्यांना डिसेंबर 2027 ची मुदत आहे. नागपूर दहा लाखांवरचं शहर आहे अन् कोराडी त्याच्या उशाला. कोराडीचा कोणता संच कोणत्या गटात धरला, हे विचारण्याचा इथल्या माणसाला पूर्ण हक्क आहे.

संध्याकाळ निभावण्याचे दुसरे रस्ते

राज्याकडे संध्याकाळच्या गर्दीसाठी सगळ्यात चांगलं हत्यार आहे कोयना. 1960 मेगावॅट. दरवाजा उघडला की काही मिनिटांत वीज, बंद केला की बंद. अडचण पाण्याची आहे. पाणीवाटप लवादानं कोयनेतून पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून ते पाणी पुरवून पुरवून, गर्दीच्या वेळी वापरावं लागतं.

दुसरा रस्ता घाटघरचा. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वरच्या तलावातून पाणी खाली सोडून गर्दीच्या वेळी वीज करायची अन् वीज जास्त असेल तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवायचं. पाणी तेच, फेऱ्या रोज. दुपारचं सोलर संध्याकाळी वापरायची ही एक प्रकारे मोठी बॅटरीच. खऱ्या बॅटऱ्याही आता सोलर प्रकल्पांसोबत लावायला सुरुवात झाली आहे.

तिसरा रस्ता थेट आपल्या वावरातून जातो. मोटारपंपाला ठराविक वेळेची गरज नसते. विहिरीचं पाणी सकाळी अकराला काढलं काय अन् रात्री दोनला काढलं काय, पिकाला सारखंच. उलट अकराला काढलेलं शेतकऱ्याला बरं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 यावरच उभी आहे. शेती फिडरच्या उपकेंद्राजवळ छोटे सोलर प्रकल्प लावायचे अन् त्या फिडरला दिवसा वीज द्यायची. लक्ष्य 16 हजार मेगावॅटचं ठेवलं आहे. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ.

शेतीचा भार असा दिवसा सरकला की रात्री कोळशाच्या संचाला गिऱ्हाईकच राहत नाही. म्हणजे पुढच्या काळात नवा संच दुपारी सोलरमुळे मंद अन् मध्यरात्री मागणी नाही म्हणून मंद. पूर्ण ताकदीनं त्याची गरज उरते ती संध्याकाळी अन् थोडी सकाळी. त्या पाच-सहा तासांसाठी पंचवीस वर्षांचं कर्ज, रोजची राख अन् आणखी एक बंधारा, की त्याच पैशात बॅटऱ्या अन् उदंचन प्रकल्प, हा सौदा आकड्यांनिशी लोकांसमोर मांडला गेला पाहिजे. आमच्या मते थकलेल्या संचांच्या बदलीत नवे संच येणं समजण्यासारखं आहे, तेही बंद होणाऱ्या संचांची नावं अन् तारखा आधी जाहीर झाल्या तरच. नुसती भर घालायला मात्र नागपूर जिल्ह्यात आता जागा उरलेली नाही.

विचारायचं कुठे अन् कसं

औष्णिक प्रकल्पाची जनसुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी असतो. सुनावणीच्या किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात यावी लागते, त्यातलं एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेचं असावं लागतं. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश पाहायला मिळालाच पाहिजे. हे नियम 2006 च्या अधिसूचनेत आहेत. सुनावणीला अमुक इतकी माणसं पाहिजेत अशी अट नाही. चार माणसं आली तरी ती झाली असं धरतात, त्यामुळे बहिष्कार टाकून सुनावणी थांबत नाही. शेवटी इतिवृत्त तिथंच मराठीत वाचून दाखवावं लागतं. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तेव्हाच उठून सांगायचं.

विजेच्या दराची सुनावणी वेगळी. ती राज्य वीज नियामक आयोग घेतो, दरवाढीच्या प्रस्तावावर नागपुरातही सुनावणी होते. स्थिर आकाराचा प्रश्न तिथला आहे. तिथे बहुतेक वेळा उद्योजकांच्या संघटना बोलतात, ग्रामपंचायती दिसत नाहीत.

दोन्हीकडे साध्या कागदावर मराठीत लिहिलेली हरकत चालते. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन वाढतं. मुद्दे भाषणासारखे नकोत, प्रश्नासारखे पाहिजेत : जुने कोणते संच, कोणत्या तारखेला बंद करणार? नवे संच वर्षात किती तास पूर्ण ताकदीनं चालतील असं धरलं आहे? राख कोणत्या बंधाऱ्यात जाणार, त्याची शेवटची तपासणी कधी झाली अन् कोणी केली? पाणी कुठून? हरकत जमा केली की त्याच कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख अन् शिक्क्यासह पोच घ्यावी, अन् तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.